डब्यावरचे दिवे काय सांगतात? नेट गेल्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कुणाचं नेट गेलं की केबलवाल्याच्या आधी फोन मला येतो. नोकरीची तीस वर्षं सर्व्हर रूमच्या गारठ्यात लुकलुकणारे दिवे बघण्यात गेली, त्याची ही शिक्षा. जिन्यात, व्हॉट्सअॅपवर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत जे प्रश्न आले तेच इथे लिहिले आहेत. डबा म्हणजे घरात नेट आणणारं यंत्र, राउटर म्हणा किंवा मॉडेम. प्रत्येक डब्याचं मॉडेल वेगळं, दिव्यांची नावं आणि रंग थोडे इकडेतिकडे होणारच. वाचायची रीत मात्र सगळीकडे सारखी.

नेट गेलं. आधी डबा बंद-चालू करू का?

थांबा. आधी मोबाइल काढा आणि दिव्यांचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. फोटो चालत नाही, कारण लुकलुकणारा दिवा फोटोत एकतर पेटलेला दिसतो किंवा विझलेला. बंद-चालू केल्यावर बऱ्याचदा नेट परत येतं, हे मान्य. पण त्यात पुरावाही पुसला जातो आणि रोज संध्याकाळी जाणारं नेट का जातं ते मग महिनोन्महिने कळत नाही.

व्हिडिओ झाला की खुशाल बंद करा. अर्धा मिनिट थांबून चालू करा आणि पुढची चार-पाच मिनिटं त्याला हात लावू नका. दर मिनिटाला बटण दाबणाऱ्यांचा डबा कधी पुरता जागाच होत नाही.

इतके दिवे! वाचायचे कुठून?

लोकल बंद पडली की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "कुठपर्यंत चालू आहे?" कुर्ल्यापर्यंत येत असेल तर कुर्ला गाठायचं आणि पुढचं पुढे बघायचं. गाडी का बंद पडली ही चौकशी नंतर. दिव्यांनाही हेच विचारा.

सुरुवात विजेच्या दिव्यापासून. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या तारेचा, म्हणजे 'पॉन' आणि 'एलओएस'. मग 'इंटरनेट' किंवा 'वॅन'. शेवटी घरातले, 'लॅन' आणि 'वायफाय'. या क्रमाने जाताना जो पहिला दिवा चुकीचा दिसेल तिथे थांबा. त्याच्या पुढचे दिवे नुसते रांगेत अडकलेले असतात. पॉन लुकलुकत असेल तर इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला असणारच, त्याला दोष देऊ नका.

आमच्या डब्यावर पॉन नाही, एलओएसही नाही. डबा जुना आहे का?

जुना असेलच असं नाही, तुमची जोडणी वेगळी आहे. मुंबईत दोन प्रकार सर्रास दिसतात. एकात काचेची फायबर थेट घरात येते आणि तिच्या टोकाला जो डबा असतो त्याला ओएनटी म्हणतात. बरेचदा राउटरही त्याच डब्यात असतो. दुसऱ्या प्रकारात फायबर इमारतीपर्यंतच येते, गच्चीवर किंवा जिन्याच्या वरच्या पेटीत एक स्विच, म्हणजे एका जोडणीच्या अनेक वायरी करणारा डबा, असतो आणि तिथून साधी निळी-करडी नेटवर्क वायर तुमच्या खिडकीतून आत येते. अशा घरात फक्त राउटर असतो आणि बाहेरच्या बाजूचा एकच दिवा, 'वॅन'. तो पूर्ण विझलेला असेल तर वायर तरी सुटली आहे किंवा वरच्या स्विचची वीज गेली आहे. शेजारच्यांना विचारा. त्यांचंही गेलं असेल तर घरात शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

एलओएसचा लाल दिवा लुकलुकतोय. राउटर बदलावा लागेल?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि नव्वद टक्के लोक इथेच नव्या राउटरची किंमत बघायला लागतात. नका बघू. एलओएस म्हणजे 'सिग्नल हरवला'. डबा शाबूत आहे, म्हणून तर तो तुम्हाला हे सांगू शकतोय. बाहेरून येणारा प्रकाश त्याच्यापर्यंत पोचत नाही, एवढीच तक्रार आहे. उलटंही लक्षात ठेवा: हा दिवा विझलेला असणं चांगलं. "काका, एलओएसचा दिवा लागतच नाही, बिघडलाय बहुतेक," असा फोन मला वर्षातून दोनदा तरी येतो.

प्रकाश का पोचत नाही? फायबरचा ज्यातून प्रकाश जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी बारीक. ती वायर कपाटामागे दाबली गेली, सोफा सरकवताना मुडपली किंवा उरलेला भाग नीट दिसावा म्हणून कुणी घट्ट गुंडाळून रबर लावलं, तर वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. ढोबळमानाने चहाच्या बशीएवढं वेटोळं ठेवा, त्याहून लहान नको. काच न तुटताही सिग्नल जातो, आणि वळण सोडवलं की परत येतो. म्हणून आधी वायरचा मार्ग डोळ्यांनी तपासा.

मग डब्यामागचा छोटा हिरवा कनेक्टर. तो पुरता आत बसला आहे का? बसताना टक् असा आवाज यायला हवा. साफसफाईच्या दिवशी तो अर्धवट सुटलेला सापडणं अगदी नेहमीचं. हिरव्या कनेक्टरचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरव्याला निळा जोडला की तोंडाला तोंड जुळत नाही आणि बराच प्रकाश वाया जातो. त्यामुळे शेजाऱ्याकडून मागून आणलेली वायर लावून बघण्याआधी रंग बघा.

दोन गोष्टी करू नका. कनेक्टरच्या टोकात डोळा लावून "उजेड येतोय का" हे पाहू नका: तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. आणि ते टोक बनियनला पुसू नका. पुसल्यावर धूळ आणि तेल दोन्ही चिकटतं.

एवढं करूनही लाल असेल तर बिघाड दाराबाहेर आहे. मुंबईत दाराबाहेर काय काय होऊ शकतं ते मी वेगळं सांगायला हवं का? इमारतीला रंग काढायचा म्हणून परांची बांधली आणि रंगाऱ्याच्या बांबूने वायर ओढली. रस्त्याचं काँक्रीट करायला खोदकाम झालं. दुसऱ्या कंपनीच्या पोराने आपली वायर टाकताना जिन्यातल्या पेटीत तुमची काढली. दहीहंडीची दोरी बांधताना मधे आलेली काळी वायर बाजूला केली. आमच्याकडे एकदा डक्टमधल्या उंदराने कुरतडली होती, आणि तंत्रज्ञ आला तो उंदराचे दात दाखवूनच गेला. यातलं काहीही तुमच्या हातात नाही. थेट तक्रार नोंदवा.

एलओएस बंद आहे, पण पॉनचा हिरवा दिवा लुकलुकतच राहतो. म्हणजे?

प्रकाश येतोय, पण ओळखपरेड पूर्ण होत नाही. एका फायबरवर वाटेत काचेचा एक फाटा असतो, त्यातून ३२ किंवा ६४ घरांना प्रकाश वाटला जातो. कंपनीकडचं मोठं यंत्र प्रत्येक डब्याचा अनुक्रमांक तपासतं आणि मगच बोलायला वेळ देतं. पॉन स्थिर हिरवा झाला की नाव नोंदलं गेलं.

परिसरातली वीज जाऊन आली असेल तर सगळी घरं एकदम रांगेत लागतात, तेव्हा पाच-दहा मिनिटं धीर धरा. एकट्या तुमच्याकडेच अर्धा तास लुकलुकत असेल तर दोन शक्यता. एक, प्रकाश येतो पण मंद येतो. बऱ्याच डब्यांच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकल्यावर जे उघडतं तिथे, येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात दिसते. उणे ८ ते उणे २७ ही कामाची हद्द. उणे २० च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या काठावर असेल तर नेट दिवसातून चारदा जाणार. ३ ने आकडा खाली गेला की प्रकाश निम्मा झाला, असं गणित आहे. दुसरी शक्यता, डबा बदलला आणि नव्याचा अनुक्रमांक कंपनीकडे चढवलाच नाही. दोन्हींवर इलाज त्यांच्याकडेच.

पॉन स्थिर आहे, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा नारिंगी?

गाडी स्टेशनात आली, तिकीट चाललं नाही. आधी रिचार्ज संपलाय का ते बघा. हसू नका, आमच्याच घरी झालंय, आणि मी पाऊण तास वायर तपासत बसलो होतो.

रिचार्ज शिल्लक असेल तर यूजरनेम-पासवर्ड. अनेक केबलवाले डब्यात ही जोडी भरून ठेवतात. डबा कुणी रीसेट केला की ती पुसली जाते आणि मग बाकी सगळं हिरवं, हा एकटा लाल. नवा राउटर आणल्यावरही असंच होतं, कारण काही ठिकाणी खातं जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं असतं. फोन करून "राउटर बदललाय, मॅक मोकळा करा" म्हटलं की दोन मिनिटांचं काम.

सगळे दिवे हिरवे. तरी काहीच उघडत नाही!

हे कोडं खरं कठीण, कारण दिवा फक्त शेजारच्या स्टेशनपर्यंतचं बोलतो. पॉन हिरवा म्हणजे कंपनीच्या यंत्राशी नातं जुळलं. त्या यंत्रापासून पुढे जगाकडे जाणारा मार्ग तुंबला असेल तर तुमच्या डब्याला पत्ताही लागत नाही. स्पीड किती मिळतो, साइट बंद आहे का, यासाठी दिवा नाही.

अशा वेळी घरातल्या घरात वाटणी करायची. मोबाइलवर चालत नाही पण वायर लावलेल्या लॅपटॉपवर चालतं? मग दोष वायफायचा. व्हॉट्सअॅप चालतं पण वेबसाइटी उघडत नाहीत? बहुधा डीएनएसचा घोळ, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी वही हरवली. मोबाइलच्या सेटिंगमध्ये डीएनएस ८.८.८.८ किंवा १.१.१.१ करून बघा. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळालाय? तो त्याने स्वतःच घेतलाय, राउटरने दिलेला नाही. वायर किंवा राउटर तपासा.

लॅनच्या भोकापाशी हिरवा दिवा होता, आता नारिंगी झाला. धोका आहे का?

धोका नाही, पण कान टवकारा. बऱ्याच उपकरणांवर एक रंग गिगाबिट वेगाचा, म्हणजे हजार मेगाबिटचा, आणि दुसरा शंभर मेगाबिटचा असतो. तुमच्याकडे कुठला कशाचा ते पुस्तिकेत बघा. गिगाबिटला वायरमधल्या आठही तारा लागतात, शंभरला चार पुरतात. उरलेल्या चारांपैकी एक तार तुटली की जोडणी मुकाट्याने शंभरवर उतरते आणि चालू राहते. "३०० चा प्लान घेतला, पण ९५ च्या वर जातच नाही," अशी तक्रार असलेल्या घरांत मी सगळ्यात आधी हाच दिवा बघतो. वर्सोवा, कुलाब्यासारख्या समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने भोकातल्या धातूच्या पट्ट्या हिरवट पडतात, तेव्हाही हेच होतं. ऐंशी रुपयांची नवी वायर लावून बघा, मग कंपनीशी भांडा.

वायफायचा '५ जी' दिवा डबा सुरू केल्यावर बराच वेळ लागत नाही.

त्या ५ जीचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ. या पट्ट्यातल्या काही चॅनलवर रडारही चालतात, म्हणून राउटर तिथे बोलण्याआधी किमान एक मिनिट गप्प बसून ऐकतो. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं असं रडार आहेच. पाच मिनिटांनीही दिवा लागला नाही तर सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ कुणी बंद केलंय का ते बघा.

रात्री सगळे झोपलेले असताना दिवा फडफडतो. कुणी आमचं नेट चोरतंय का?

फोन, टीव्ही, घड्याळ, सगळे रात्रभर आपापल्या घरी हाका मारत असतात. लुकलुकणं म्हणजे ये-जा, चोरी नव्हे. शंका असेल तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी मोजा. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर पासवर्ड बदला. 'डब्ल्यूपीएस'चा दिवा मात्र कुणी बटण न दाबता चमकत असेल तर विचारायला हवं. ते दाबल्यावर दोन मिनिटं पासवर्डशिवाय जोडणी मिळते. पाहुण्यांच्या पोरांना हे माहीत असतं.

सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या स्विचवर सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे फडफडतायत आणि एकही कॅमेरा दिसत नाही.

वा, याची मी वाट बघत होतो! रोजचं लुकलुकणं बेताल असतं, प्रत्येक दिवा आपल्या मर्जीने. सगळे एकदम, लेझीम खेळल्यासारखे, एकाच ठेक्यात फडफडायला लागले की बहुतेक वेळा एकाच वायरची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचलेली असतात. एक संदेश आत शिरतो, फिरून परत येतो, त्याच्या प्रती निघतात, त्याही फिरतात, आणि काही क्षणांत बाकी कशाला जागाच उरत नाही. आमच्याकडे वॉचमनच्या केबिनची साफसफाई झाल्यावर कुणीतरी लोंबणारं टोक "व्यवस्थित" जागी लावून दिलं होतं. तीन तास आम्ही रेकॉर्डरवर संशय घेत होतो. उपाय सोपा: एकेक वायर काढा. ज्या वायरीला हात लावल्याबरोबर फडफड थांबेल, तीच ती.

वीज गेली की शेजाऱ्याचं नेट चालतं, आमचं नाही. असं का?

त्यांनी छोटा यूपीएस लावलाय. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात. अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळवा, अँपिअर यूपीएसचे जास्त असले तर चालतात. घरापर्यंत फायबर असेल तर मधल्या फाट्याला वीज लागतच नाही, त्यामुळे ओएनटी आणि राउटर दोन्हीला बॅटरी मिळाली की नेट सुरू राहायला हरकत नसते. गच्चीवर स्विच असलेल्या इमारतीत मात्र तुमची बॅटरी काय कामाची, वरचाच झोपलेला! १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली त्या सकाळी आमच्या जिन्यात हा धडा सगळ्यांना एकदम मिळाला.

जाता जाता एक गंमत. ओएनटीची वीज जाते तेव्हा बरेच डबे शेवटच्या क्षणी कंपनीला एक संदेश पाठवतात, 'वीज गेली म्हणून जातोय'. त्याला चक्क 'शेवटचा आचका' म्हणतात. त्यावरून त्यांना वायर तुटली की दिवे गेले, हे कळतं.

पावसात विजा चमकत असताना वायर काढून ठेवावी का?

काच वीज वाहत नाही. पण खिडकीतून येणारी तांब्याची नेटवर्क वायर वाहते. गडगडाट सुरू झाला की ती आणि अडॅप्टर दोन्ही काढा. पावसानंतर विजेचा दिवा ठीक, पण लॅन किंवा वॅनचं एकच भोक मेलेलं, हे त्याचंच लक्षण. दुसऱ्या लॅनच्या भोकात लावून काम निघतं का बघा.

सुई खुपसायचं ते रीसेटचं भोक कधी वापरायचं?

फोनवर तंत्रज्ञ "दाबा" म्हणेल तेव्हाच. दहा सेकंद धरलंत की वायफायचं नाव, पासवर्ड, केबलवाल्याने भरलेलं यूजरनेम, सगळं साफ. सगळे दिवे एकदम विझून उजळतात आणि माणसाला वाटतं काम फत्ते. अपडेट सुरू असताना डबा नेहमीपेक्षा वेगळ्या पद्धतीने चमकतो, तेव्हा वीजही काढू नका.

आईला फोनवरून दिवे कसे विचारू? तिला हिरवा-नारिंगी कळत नाही.

रंग विचारूच नका. तांबडा-हिरवा न ओळखणारी माणसं तर बरीच असतात. "डावीकडून तिसरा दिवा पेटलाय, विझलाय, की डोळे मिचकावतोय?" असं विचारा. आमच्या आजींनी एकदा उत्तर दिलं होतं, "पहिले दोन देवघरातल्या समईसारखे, तिसरा दिवाळीच्या माळेसारखा." याहून नेमका अहवाल मला अभियंत्यांकडूनही क्वचित मिळालाय.

स्मार्ट प्लग आणि कॅमेऱ्याचे दिवे?

थोडक्यात: भरभर लुकलुकणं म्हणजे बहुधा तो जोडून घ्यायला तयार आहे. जोडला जात नसेल तर फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर आणा, कारण यातल्या बहुतेकांना ५ कळतच नाही.

तक्रार करताना काय सांगू म्हणजे "राउटर बंद-चालू करा" ऐकावं लागणार नाही?

तरीही ऐकावं लागेल, पण एकदाच. "नेट चालत नाही" असं म्हणू नका. असं म्हणा: "पावणेआठपासून एलओएस लाल लुकलुकतोय, वायर कुठे मुडपलेली नाही, कनेक्टर काढून लावला, डबा एकदा बंद-चालू केला, शेजारी चालू आहे." शेवटचं वाक्य सोन्याचं. शेजारी चालू असेल तर दोष तुमच्या वायरीत, शेजारीही बंद असेल तर वाटेत. तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि तंत्रज्ञ आला की तो पहिला व्हिडिओ दाखवा.

रात्री निळा दिवा डोळ्यांवर येतो. झाकला तर चालेल?

चालेल. काही राउटरच्या सेटिंगमध्ये दिवे बंद करायची सोय असते, ती आधी शोधा. आमच्या तरुणपणीच्या डब्यांवर निळे दिवे नव्हतेच. नीट उजळणारा निळा एलईडी १९९० च्या दशकात आला, आणि आकासाकी, आमानो, नाकामुरा या तिघांना त्याबद्दल २०१४ चं नोबेल मिळालं. हा निळा एलईडी आल्यापासून सगळ्या कंपन्यांना बेडरूममध्ये निळा उजेड पाडायची हौस आली. सोय नसेल तर काळी चिकटपट्टी लावा. हवेची भोकं बुजवू नका, डब्यावर टॉवेल टाकू नका, आणि पट्टीचा एक कोपरा दुमडून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी नेट गेल्यावर ती सोलायला नख लागेल.